भामिनीला सावेडीचं स्थळ

सुबोध भावे दिग्दर्शित ‘संगीत मानापमान’ १० जानेवारी २०२५ रोजी पडद्यावर आला आणि नगरच्या सावेडीत रातोरात नाट्यसंगीताचे जाणकार उगवले. तोवर ही मंडळी क्रिकेट, कांद्याचा भाव आणि शेजाऱ्याचं पार्किंग एवढ्याच विषयांत अधिकारवाणीने बोलत.

प्रोफेसर कॉलनी चौकात चहा घेता घेता अण्णांनी निकाल दिला, “मूळची सर नाही!” मूळ म्हणजे कृ. प्र. खाडिलकरांचं १९११चं नाटक. अण्णांचा जन्म त्यानंतर चार दशकांनी झाला, पण रसिकाला असल्या अडचणी आड येत नाहीत. “तंतोतंत मूळच दाखवायला हवं होतं,” ते म्हणाले.

तंतोतंतच हवं असेल तर नायिका भामिनी पुरुषाने करायला हवी. मूळची भामिनी बालगंधर्व होते. म्हणजे पडद्यावरच्या भामिनीला, वैदेही परशुरामीला, रजा देऊन भाव्यांनीच नायक धैर्यधराबरोबर भामिनीही उरकायची. २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटामुळे त्यांना शालू नेसायची सवय आहेच. हे ऐकून अण्णांनी बिस्किट चहात बुडवलं, ते परत वर आलंच नाही.

दुसरा आरोप चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांच्यावर. त्यांनी म्हणे परंपरा बाटवली. गोविंदराव टेंब्यांनी याच नाटकाला ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या, तेव्हा तीही नवी टूमच होती. टूम शंभर वर्षं टिकली की तिला सोवळं नेसवतात.

गाण्यांच्या आकड्यावरून तर घराघरांत फूट पडली. नाटकात पन्नासाच्या वर पदं, चित्रपटात चौदा गाणी. सासरे म्हणाले, “चौदाच?” सून म्हणाली, “बाई गं, चौदा?” नातवाचं मत, तीस सेकंदांची चालतील. शास्त्रीय संगीताच्या काळजीने व्याकूळ झालेले सासरे प्रत्यक्ष गाणी सुरू असताना पॉपकॉर्नच्या रांगेत होते, ही माहिती सूनबाईंनीच पुरवली.

खरी आग लागली ती कथेवरून. श्रीमंताघरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते. नगर म्हणजे लष्कराचं गाव; भिंगारला छावणी, आर्मर्ड कोअरचं सेंटर. पाईपलाईन रोडच्या काकू उसळल्या, “फौजेतल्या माणसाला नाही म्हणते? पेन्शन आहे, कॅन्टीनचं कार्ड आहे, आणखी काय पाहिजे हिला?” शेजारणीने हळूच विचारलं, मग तुमच्या भाचीसाठी आलेल्या सुभेदाराच्या मुलाचं काय झालं? “तो वेगळा विषय. पुण्यात फ्लॅट नव्हता त्याचा.”

खाडिलकरांच्या नाटकात पैशाच्या जोरावर मिरवणारा भित्रा लक्ष्मीधर हसण्यासाठी होता. आमच्याकडे त्याचा बायोडेटा गठ्ठ्यात सगळ्यांत वर असतो. नव्या पिढीला ही जुनी गोष्ट कळेल का, अशी चिंता करणाऱ्यांनी निश्चिंत राहावं. ती जुनी होऊ नये म्हणून आम्ही घरोघर खपतो आहोत.

आता रसिकतेचं बोलायचं, तर ८ जुलै १९२१ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत ‘संयुक्त मानापमान’साठी एकत्र उभे राहिले, तेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठी लोकांनी मोठाल्या रकमा मोजल्या. सावेडीनेही या कलाकृतीला पुन्हा दाद द्यायचं ठरवलंय. फक्त ती मोबाईलवर फुकट दिसायला हवी. थिएटरात अंधार असतो, दोष नीट टिपता येत नाहीत.