शेरा : सुस्थितीत

मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय एवढ्याच खुणेवरून ज्याची ओळख साऱ्या गल्लीला पटते, असा एक गृहस्थ वाचकांच्या परिचयात असणारच. तेव्हा त्याच्या सर्वसाधारण गुणधर्मांचे वर्णन करण्यात मी जागा दवडत नाही. त्याची मोटार दोन आसनांची असते, ती चालू स्थितीत क्वचितच असते, आणि ज्या अभियंत्यांनी ती घडवली ते सगळे मिळून आपल्यापेक्षा किंचित कमी हुशार होते, अशी त्याची अत्यंत विनयपूर्वक बाळगलेली समजूत असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेकडील ज्या उपनगरात माझे वास्तव्य आहे, तेथील या जातीच्या नमुन्याला आमचे सारे मराठी मंडळ अण्णा म्हणते. ऐन शनिवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वीच, "जरा हात देतोस का?" अशा मायाळू शब्दांत पाचारण करून त्यांनी मला एक दाबलेली स्प्रिंग धरावयास लावली, आणि ती निसटली तर माझ्या जबड्याची काय अवस्था होईल याचे शास्त्रशुद्ध विवेचन ती माझ्या हातात असतानाच केले. प्रस्तुत लेखनामागील प्रेरणा एवढीच आहे.

अण्णांचे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. पुत्राने अभियांत्रिकीची पदवी घेतली, सातासमुद्रापार येऊन एका मोटार कंपनीत दरवाजाच्या कुलपांचा आराखडा करण्यात उभी हयात घालवली, परंतु रक्तातले दप्तर काही गेले नाही. बाजारातून आणलेला कोणताही नवा भाग मोटारीला चढवला, की उतरवलेला जुना भाग अण्णा पुसून, तेल लावून पारदर्शक पिशवीत घालतात आणि पिशवीला चिठ्ठी जोडतात. चिठ्ठीवर चार रकाने असतात : भागाचे नाव, काढल्याची जागा, काढल्याची तारीख आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात, मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर, एकच शब्द सुवाच्य देवनागरीत लिहिलेला आढळला आहे : सुस्थितीत. या पिशव्या तळघरातील लोखंडी फडताळांवर जागेबरहुकूम लावलेल्या असतात, आणि त्यांचा पसारा आता असा वाढला आहे की वरच्या गॅरेजातील मोटारीपेक्षा खालच्या तळघरातील मोटार अधिक अस्सल आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

जी वस्तू सुस्थितीत होती ती मुळात काढली कशासाठी, हा प्रश्न मी एकदा धीर करून विचारला. अर्जावर तिकीट लावायला विसरलेल्या कुळाकडे मामलेदाराने पाहावे तसे माझ्याकडे पाहत अण्णा म्हणाले, "सुस्थितीत आहे म्हणून तर जपून ठेवली!"

मोटार माझदा मियाटा आहे. तांबडी, १९९० सालची, डोळे मिटणारी आणि उघडणारी. तिची जन्मकथा अण्णा कीर्तनकाराच्या तन्मयतेने सांगतात. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंपाशी जुन्या इंग्रजी घाटाच्या, हलक्या, उघड्या टपाच्या गाडीचा विषय काढला. त्यातून दहा वर्षांनी, १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात ही मोटार लोकांसमोर आली. इंजिन सुमारे १६०० सीसीचे, शक्ती ११६ घोड्यांची, वजन हजार किलोच्याही आत, आणि किंमत १३,८०० डॉलर, जी नोकरदाराने धाडस केले तर झेपावी. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ज्याला जपानी लोक 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, ते या रचनेमागचे तत्त्व. सातारच्या माणसाला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. कोणाच्या तरी हातची ही गाडी अण्णांनी विकत घेतली, दोन दिवस चालवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिची स्तुती केली आणि तिसऱ्या दिवशी खोलली.

डेट्रॉइटच्या माणसाने जपानी गाडी घ्यावी हा त्या काळी फितुरीचाच प्रकार होता. कचेरीच्या आवारात ती उभी करायची तर पार टोकाला, जिथून दारापर्यंत बर्फातून चालत यावे लागे. त्यावर अण्णांची कैफियत तयार असे : फोर्डने १९७९ पासून माझदात सुमारे चतुर्थांश हिस्सा घेतलेला आहे, सबब मियाटा ही निदान पावपट डेट्रॉइटचीच आहे. बंधुप्रेमाचा हा हिशेब सहकाऱ्यांना पटला नाही. अण्णा चालत राहिले.

बदललेल्या भागांत पहिला मान धुराच्या मॅनिफोल्डचा. मूळचा पोलादी नळ्यांचाच काढून त्या जागी चकचकीत पोलादी नळ्यांचा नवा बसवायचा, एवढेच काम. परंतु त्यासाठी आधी उष्णतारोधक पत्रा काढावा लागतो, पत्र्याचे दहा नंबरचे बोल्ट तापून तापून गाळ झालेले असतात, आणि प्राणवायू मोजणारा संवेदक काढायचा तर बावीस नंबरचा, कडेने चिरलेला खास सॉकेट लागतो, कारण संवेदकाला तार असते आणि साधा सॉकेट तारेवरून जात नाही. तो सॉकेट आणण्याकरिता दुकानात गेलेला मनुष्य येताना आणखी तीन वस्तू घेऊन येतो, हा या छंदाचा अर्थशास्त्रीय पाया होय. नव्या मॅनिफोल्डने चार-पाच घोडे वाढतात असे विक्रेत्याचे म्हणणे. घोडे वाढले की नाही ते देव जाणे, पण मोटारीचा आवाज असा वाढला की शेजारच्या वृद्ध अमेरिकन गृहस्थांनी, पहाटेच्या वेळी आपल्या कुत्र्याला भ्रम होतो, अशी लेखी तक्रार अण्णांच्याच टपालपेटीत टाकली. अण्णांनी ती वाचली, तारीख घातली आणि फाइलला लावली. मूळचा मॅनिफोल्ड खाली गेला. शेरा : सुस्थितीत.

परंतु अण्णांचे खरे महाकाव्य म्हणजे लांब बोल्ट. मागच्या चाकाजवळ, खालच्या आर्मच्या बाहेरील टोकातून आरपार गेलेला हा बोल्ट मिशिगनमध्ये सहजी निघत नाही, याचे कारण भूगर्भात आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे बाराशे फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ ओततात आणि ते मीठ मोटारीच्या हाडांत शिरते. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच शहराच्या पोटात त्या खाऊन टाकण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. तर हा बोल्ट आतल्या पोलादी नळीशी गंजून एकरूप झालेला होता. अण्णांनी त्याला रात्रभर तेल पाजले, गॅसच्या ज्योतीने तापवला, पान्याला चार फुटी नळी जोडून त्यावर स्वतः लोंबकळले, मग मला लोंबकळवले, मग मंडळाच्या चिटणिसांना, जे मूळचे वर्गणी मागायला आले होते. बोल्टाचे डोके फिरे, आमचीही फिरत, बोल्ट मात्र जागचा हलेना. आमच्या मंडळाचा गणपती लोकांच्या सोयीसाठी शनिवारी बसतो आणि रविवारी उठतो. त्या वर्षी अण्णा काळ्याकुट्ट हातांनी आरतीला उभे होते आणि मंत्रपुष्पांजलीच्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले पाहून भटजींना त्यांच्या भक्तीचे कौतुक वाटले. देव उठले. बोल्ट उठला नाही. अखेर करवत आणून त्याचे दोन तुकडे करावे लागले, आणि त्या संध्याकाळी अण्णांच्या घरात जे सुतक पाळले गेले त्याला मी साक्षीदार आहे. चिठ्ठी मी स्वतः वाचली : 'लांब बोल्ट, मागील डावा. शेरा : दोन्ही तुकडे सुस्थितीत.'

येथे अण्णांचे तत्त्व सांगणे प्राप्त आहे. मोटारीला कापायचे नाही, भोक पाडायचे नाही, डाग द्यायचा नाही. जे करायचे ते असे की मनात येईल तेव्हा सर्व काही पूर्ववत करता यावे. गाडी उलटली तर डोके वाचवणारी लोखंडी कमान, जी बसवण्यासाठी पत्र्याला भोके पाडावी लागतात, ती त्यांनी याच मुद्द्यावर कायमची तहकूब ठेवली आहे. डोके पुढे-मागे जाईल, पण भोक बुजत नाही. पुण्याला त्यांचे धाकटे बंधू असतात. त्यांना दूरध्वनीवर अण्णा मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ ऐकवतात, ज्यान्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. आणि आमच्या मिशिगनात गाडीची ठराविक मुदतीने सरकारी तपासणीच होत नाही, हे मोठ्या दिमाखाने सांगतात. बंधू म्हणतात, "अरे, पण तू तर सगळं परत पहिल्यासारखं करणार आहेस ना?" त्यावर अण्णा विषय बदलतात. कारण तळघरातून एकही पिशवी आजतागायत वर आलेली नाही.

वहिनींचे या प्रकरणी स्वतंत्र मत आहे, परंतु ते छापण्याजोगे नाही. नव्या स्प्रिंगांमुळे गाडी दोन इंच खाली बसली आणि देवळाच्या आवारातील गतिरोधकावर पोट घासू लागली, तेव्हापासून त्या गाडीत बसलेल्या नाहीत. तथापि, नवऱ्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी केलेले वर्णन सांगितल्याशिवाय राहवत नाही. झिजलेला सांधा काढून कृत्रिम बसवायचा होता. शस्त्रवैद्याने रीतीप्रमाणे, "काही विचारायचे आहे काय?" असे विचारताच अण्णा उत्तरले, "काढलेला मूळ भाग परत मिळेल का?" वैद्य हसला, अण्णा हसले नाहीत. घरी आल्यावर वहिनींनी विचारले, "मिळाला असता तर शेरा काय लिहिणार होता, सुस्थितीत?" करवतीने कापलेल्या बोल्टाला प्रमाणपत्र देणारा हा गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "छे! झिजला होता. खोटा शेरा मी लिहीत नाही."

काळाने मात्र अण्णांची बाजू घेतली, हे नाइलाजाने नमूद करतो. खुद्द माझदानेच २०१७ साली जाहीर केले की पहिल्या पिढीच्या या गाड्या जपानात पुन्हा मूळ स्थितीत आणून दिल्या जातील, आणि त्यासाठी लाकडी सुकाणूचक्र, टप, इतकेच काय पण त्या काळच्या नमुन्याचे टायरही नव्याने बनवले जातील. ज्या वस्तू आमच्यासारख्या व्यवहारी माणसांनी भंगारात दिल्या असत्या त्यांना भाव आला. ओहायोतून एक तरुण आला, तळघर पाहून अवाक् झाला आणि सगळ्या पिशव्यांची घसघशीत किंमत बोलला. अण्णांनी त्याला चहा पाजला, प्रत्येक चिठ्ठीचे भाषांतर करून सांगितले आणि रिकाम्या हाताने परत पाठवले.

परवाच्या त्या शनिवारी स्प्रिंग एकदाची बसल्यावर अण्णांनी मला खाली, मूळच्या रबरी गादीचे माप पाहण्यासाठी पाठवले. गादी शोधताना, हवेच्या मापकाची पिशवी आणि मूळ सायलेन्सर यांच्यामध्ये, एक चपटी पिशवी हाताला लागली. आत निळ्या बांधणीचे भारतीय पारपत्र होते. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. परके नागरिकत्व पत्करले की पारपत्र वकिलातीत हजर करावे लागते आणि ते रद्द झाल्याचा शिक्का घेऊन परत येते, हे आमच्यापैकी बहुतेकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. माझे स्वतःचे कोठे आहे ते मला सांगता येणार नाही. अण्णांच्या पिशवीला रीतसर चिठ्ठी होती. काढल्याची जागा : शिकागो. तारीख होती. आणि शेऱ्याच्या रकान्यात, तेच वळण, तीच शाई.

"सापडलं का रे?" वरून हाक आली. सापडले, म्हणालो, आणि रबरी गादी घेऊन वर गेलो. पाच वर्षांत परत येतो असे आईला सांगून निघालेल्या माणसाने पुढे काय ठरवले, हे विचारण्याइतका मी त्यांचा जवळचा नाही. आणि जवळचा असतो तरी विचारले नसते. एरवी अण्णांवर मी पुष्कळ तोंडसुख घेतो आणि पुढेही घेईन, पण या गावात हरवलेली वस्तू ज्याच्याकडे खात्रीने मिळेल असा दुसरा मनुष्य मला माहीत नाही.

डेट्रॉइटकडे येणे झाले तर वाचकांनी अण्णांना अवश्य भेटावे. शनिवार टाळता आला तर टाळावा. न टाळता आला तर जुनी विजार घालून, पोटभर खाऊन जावे, स्प्रिंग धरायला सांगितली तर तोंड बाजूला ठेवावे, आणि मोटारीतून निघालेला कसलाही किडूकमिडूक नट, मग तो कितीही गंजका असो, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. तो त्यांच्या हातात द्यावा. पिशव्या त्यांच्याकडे भरपूर आहेत.