साडेचार किलोचा पोर्तुगीज

बंदुकांचा संग्राहक म्हणून माझी ओळख करून देताना लोकांची एकच पंचाईत होते: माझ्याकडे बंदूक नाही. पण संग्राहक असणं ही वृत्ती आहे, असं माझं मत आहे. आमच्या अंजनवेलीत ही वृत्ती असलेली माणसं कलमं जमवतात, दिवाणी दावे जमवतात, भाऊबंदांच्या कागाळ्या तर पिढीजात जमवतात. मी पोर्तुगीज लष्करी रायफली जमवायचं मनावर घेतलं.

“पोर्तुगीजच का?” असं सगळ्यांनी विचारलं. बायकोने नुसतंच “का?” विचारलं.

तसं बघितलं तर पोर्तुगीजांची नि आमची ओळख जुनी. खाडीपलीकडे दाभोळ दिसतं. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदा आपल्या मुलाचा सूड घ्यायला निघाला. मुलगा पडला होता चौलला, मारणारं आरमार होतं इजिप्तचं आणि गुजरातचं, आणि जाळलं काय तर दाभोळ! खऱ्या शत्रूशी गाठ पडली ती पुढे फेब्रुवारीत, दीवला. कोकणातल्या भाऊबंदकीत सुद्धा माणूस निदान योग्य घराच्या अंगणात जाऊन शिव्या देतो. त्या आरमाराचा दणका अलीकडच्या काठावर नक्की ऐकू आला असणार. माझ्या छंदाचं मूळ तिथे आहे, असं मी घरी सांगितलं. ते कुणालाही पटलं नाही.

आता खुद्द रायफलींविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. 1885 च्या सुमारास गेदिश दियश नावाच्या पोर्तुगीज लेफ्टनंटने एक एकबारी रायफल काढली. लिस्बनला अभिमान वाटला. ऑस्ट्रियातल्या स्टायरच्या कारखान्याला हजारोंची ऑर्डर गेली. मधेच आठ मिलिमीटरचं नवं, जोरकस काडतूस आलं, त्याच्यापुढे या रायफलीची यंत्रणा कुरकुर करू लागली, आणि माल तयार होत असतानाच सरकारचं मन फिरलं. 1886 मध्ये त्याच कारखान्याकडून क्रोपाचेक ही दुसरी रायफल घेतली. ती ऑस्ट्रियन माणसाची. पिकतं तिथं विकत नाही, हे लिस्बनलाही लागू पडतं. नको झालेल्या गेदिश रायफली पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांच्या गळ्यात पडल्या. सरकारी खरेदीचा एवढा नितळ नमुना बघून मला लिस्बन एकदम तालुक्याच्या गावाइतकं जवळचं वाटू लागलं.

माझा जीव जडला तो क्रोपाचेकवर. वजन साडेचार किलोच्या आसपास, लांबी सव्वा मीटरहून जास्त, आणि नळीच्या खाली दस्त्यातून जाणारी आणखी एक नळी. या खालच्या नळीत आठ काडतुसं एकामागे एक, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला लावून बसतात. बोल्ट मागे ओढला की एक पाळणा पुढचं काडतूस उचलून वर आणतो. ही करामत मी स्वयंपाकघरात पोळपाट, लाटणं आणि आठ वेलची केळी घेऊन आईला करून दाखवली. तिने सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “केळी परत फडताळात ठेव.”

त्यानंतरची 1904 ची माउझर-व्हेर्गेइरु. बर्लिनला बनलेली, साडेसहा मिलिमीटरची, देखणी. गोम एवढीच की पहिल्या महायुद्धात पोर्तुगीज फौज फ्रान्सला इंग्रजांच्या बाजूने लढायला गेली तेव्हा तिच्या हातात इंग्रजांच्या ली-एनफिल्ड दिल्या गेल्या. ज्यांच्या पंक्तीला बसायचं त्यांचंच काडतूस परवडतं. म्हणजे गेदिश आली ती नापसंत, आणि व्हेर्गेइरु पसंत पडली तर मोठ्या लढाईला घरी राहिली. असल्या बंदुकांवर माया न करणारा माणूस दगडच म्हणायचा.

छंदाचा दुसरा भाग म्हणजे बार काढणं. परदेशातले षौकीन दुसऱ्याच कुठल्या काडतुसांच्या पुंगळ्या कापून, घडवून, त्यात दारू भरून या म्हाताऱ्यांना बोलतं करतात. आपल्याकडे असलं काही करायला गेलं तर सनई-चौघड्याऐवजी पोलीस व्हॅन येईल. आपला शस्त्र अधिनियम 1959 चा. त्याचं 45 वं कलम मोठं दयाळू आहे. जुन्या घाटणीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार त्या कायद्याच्या जाचातून सुटतं. अट एवढीच, की ते बंदूक म्हणून चालता कामा नये, आणि दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे बंदूक खुशाल ठेवा, फक्त ती बंदूक नसावी. चालणारी हवी तर परवाना. त्यातही 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या. दोन वस्तूंना संग्रह म्हणत नाहीत, जोडी म्हणतात. ती कानातल्यांना शोभते.

तरीही मी एका कचेरीत जाऊन चौकशी केली. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

“प्रयोजन काय लिहू? स्वसंरक्षण?”

“लिहा.”

“धोका कुणापासून?”

“तसा कुणापासून नाही. पोर्तुगीज रायफल हवी आहे.”

“पोर्तुगीज एकसष्ट सालीच गेले ना?”

“म्हणून तर म्हणतो, मागे राहिलेल्या कुठेतरी असतील.”

त्यांनी टोपण परत लावलं आणि अतिशय आपुलकीने मला चहा पाजला. आमच्या गावचा गोपाळगड 1960 मध्ये खासगी मालकीत गेला आणि तटाच्या आत आंब्याची बाग उठली. अख्खा किल्ला माणसाच्या नावावर चढू शकतो, तिथे साडेचार किलोची एक रायफल का अडावी, हे मी त्यांना विचारणार होतो. पण चहा चांगला होता.

पोर्तुगीज बंदुका खरोखरीच जमवणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली, पण त्यांची पद्धत वेगळी. 1895 मध्ये पणजीच्या पलटणीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. ते गेले नाहीत. बंड करून गोव्यातल्या सत्तरी भागात गेले आणि तिथल्या राणे सरदारांना मिळाले. पुढे 1954 मध्ये दादरा-नगर हवेलीतल्या चौक्या आपल्या स्वयंसेवकांनी घेतल्या. 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. त्या मंडळींत सुधीर फडके होते. पुढच्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आणि घरोघर उदबत्ती लावून ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा गळा नुकताच पोर्तुगीज सरकारशी दोन हात करून आला आहे? या लोकांना प्रयोजन कुणी विचारलं नाही.

आणि सगळ्यात शहाणे ते चिमाजी अप्पांचे लोक. 1739 मध्ये वसई पडली तेव्हा त्यांनी चर्चमधल्या घंटा उचलल्या आणि देवळांत नेऊन टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात 1721 सालची घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला 1707 ची. पोर्तुगीज पुराणवस्तू, ओतीव काम, सालासकट. आणि आवाज काढायला ना परवाना, ना काडतूस. येणारा प्रत्येक जण एक बार काढून जातो. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

अंजनवेलीत राहून मला बंदुकीचा आवाज ऐकायला मिळतो तो चुलत्यांच्या कृपेने. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळेपासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आलेली ठासणीची बंदूक आहे. दारू ओतायची, वर काथ्या, गजाने ठासायचं, टोपी चढवायची, घोडा ओढायचा, आणि हे सगळं होईपर्यंत वानरांनी फणस खाऊन आंब्याला हात घातलेला असतो. मग चुलते आभाळाकडे नळी करून बार काढतात. वानरं पलीकडच्या आवाठात जातात आणि आमचे संबंध तिथल्या लोकांशी बिघडतात. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार मिळतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा होते, आणि त्या काळात वानरं बागेत पाहुण्यासारखी राहतात.

गेल्या आंब्यांत चुलते पडवीत बसून गज पुसत होते. मी त्यांना क्रोपाचेक समजावून सांगितली. नळीखालची नळी, पाळणा, आठ बार लागोपाठ. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. सुपारी कातरून तोंडात टाकली.

“आठ?”

“आठ. मधे ठासायचं कामच नाही.”

“अरे, पहिल्याच बाराला वानरं जातात,” चुलते म्हणाले. “उरलेल्या सातांचं करायचं काय, नातेवाइकांवर?”

आणि पलीकडच्या आवाठाकडे बघून ते जरा विचारात पडले.