आंबट-काळीच्या नादी लागलेलं जग

ऐकलंत का? जग बिघडलं हो! म्हणजे बिघडलेलं होतंच, पण निदान रीतीभातीनं. कॅबर्ने, मर्लो, शिराझ अशी ओळखीची घराणी होती, चारचौघांत नाव घ्यायची सोय होती. आता ही वाइनवाली मंडळी चक्क ग्रीसच्या क्सिनोमाव्रोच्या मागे लागली आहेत. क्सि-नो-माव्रो! पहिला घोट घेण्याआधीच जीभ अडखळते. हॉटेलात मेनूवर नुसतं बोट ठेवून 'ही द्या' म्हणावं लागतं म्हणे, आणि तरीही मागतात.

नावाचा अर्थ तर आणखी थोर. 'क्सिनो' म्हणजे आंबट, 'माव्रो' म्हणजे काळं. आंबट-काळं! पोटच्या पोराचं असं नाव कुणी ठेवतं का? बरं, ठेवलं तर ठेवलं, निदान काळं तरी निघावं. द्राक्ष काळं, पण पेल्यात उतरतं ते कोकम सरबताच्या रंगाचं काहीतरी. थोडी वर्षं मुरलं की तेही विटकरी होत जातं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! आंबटपणात मात्र बाई नावाला जागते. आणि तुरट इतकी, की कच्ची जांभळं खाल्ल्यासारखी जीभ टाळूला चिकटते.

वास सांगू? सांगायची लाज वाटते. टोमॅटोचा! उन्हात वाळवलेला टोमॅटो, वर ऑलिव्ह. अहो, सारच हवं होतं तर घरी हिंग-जिऱ्याची फोडणी महाग होती का? पण जाणकारांना विचारा. ते डोळे मिटून म्हणतात, 'अहाहा, अगदी इटलीच्या बारोलोसारखी!' बारोलो ज्या नेबियोलो द्राक्षाची होते, तेही फिकट, आंबट आणि तुरटच. म्हणजे खोड्या त्याच. इटलीच्या घरात असल्या की त्याला खानदान म्हणायचं, ग्रीसच्या घरात कालपर्यंत आंबटपणा म्हणायचं.

हिचं माहेर उत्तर ग्रीसमधलं नाउसा, मॅसेडोनियात वेर्मिओ डोंगराच्या उतारावर. 1971 मध्ये सरकारनं या गावाच्या नावाला कायद्याचं कुंपण घातलं. बाटलीवर 'नाउसा' लिहायचं तर आत निव्वळ क्सिनोमाव्रोच हवी, दुसऱ्या द्राक्षाचा थेंब चालायचा नाही. एवढं सोवळं! आणि डोंगरापलीकडच्या अमिन्देओत काय चाललंय? त्याच द्राक्षाची गुलाबी वाइन. त्याच द्राक्षाची बुडबुड्यांची वाइन. थंड, उंचावरचा मुलूख, बघायला कोण येतंय!

खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. या द्राक्षाचं नाव ज्यांनी जगभर नेलं, त्यांत यानिस बुतारिस हे मोठं नाव. आजोबांच्या काळापासून, 1879 पासून, घरात वाइनचा धंदा. त्यांनी तो सोडून 1997 मध्ये 'कीर-यानी' नावाची स्वतःची वेगळी वाइनरी काढली. पुढे 2011 ते 2019 थेस्सालोनिकीचे महापौर. कानात डूल, हातावर गोंदण, असे महापौर! आणि हा माणूस वाइन प्यायचा नाही. दारूनं आपल्याला गिळलं होतं हे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलं होतं, आणि 1991 पासून त्यांनी दारू सोडली होती. ती सोडल्यावर नवी वाइनरी! आपल्याकडे 2022 साली मोठ्या दुकानांत वाइन ठेवायची टूम निघाली, तेव्हा 'वाइन ही दारू आहे का' यावर केवढं महाभारत झालं. बुतारिसांना विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. गेले बिचारे, 2024 मध्ये. त्यांच्याबद्दल मात्र वाकडं बोलवत नाही.

दक्षिणेची मंडळी गरीब स्वभावाची, असं वाटत होतं. पेलोपोनीजमधल्या नेमेआचं आयोर्यीतिको म्हणजे संत जॉर्जच्या नावाचं द्राक्ष. आलुबुखार-चेरीसारखं मऊ, कुणाशीही पटवून घेणारं, एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखं. तर त्याच्या वाइनला गावात काय म्हणतात? हरक्युलिसचं रक्त! त्यानं सिंह मारला तो याच नेमेआत, म्हणून. नाव संताचं, टोपणनाव रक्ताचं.

पात्रासची माव्रोदाफ्नी तर आजवर गोड, घट्ट, जेवणानंतरच्या चमचाभर पाकासारखी. तिच्यात काळ्या मनुकांचं द्राक्ष मिसळायला कायद्याचीच मुभा. गुस्टाव क्लाउस नावाच्या बव्हेरियाच्या माणसानं 1861 मध्ये तिथे वाइनरी काढली आणि दाफ्नी नावाच्या काळ्याभोर डोळ्यांच्या मुलीवरून द्राक्षाला नाव दिलं, असं सांगतात. काय खरं, काय खोटं, दाफ्नीलाच ठाऊक. आता हीच माव्रोदाफ्नी गोडवा टाकून कोरडी होऊन मिरवते आहे. या वयात!

सांतोरिनीचं माव्रोत्रागानो तर संपतच आलं होतं. त्या बेटावर पांढऱ्या आसिर्तिकोचं राज्य, हे काळं द्राक्ष कुठेतरी कोपऱ्यात. दोघा-तिघा हट्टी वाइनवाल्यांनी ते हुडकून पुन्हा लावलं. तिथल्या जुन्या वेली वाऱ्याला भिऊन जमिनीवरच टोपलीसारख्या गोल वळवतात आणि द्राक्षं आतल्या बाजूला धरतात. मांडव नाही, तारा नाही. नाशिकच्या बागाईतदारानं पाहिलं तर पहिल्यांदा सुतळी मागवेल.

आणि हे सगळं कुणाचं? तर ज्या देशाची वाइन म्हणजे पाइनच्या राळेचा वास मारणारी रेत्सिना, असं पर्यटक वर्षानुवर्षं नाक मुरडून सांगत होते, त्याच देशाचं.

आता सर्वांत मोठा बभ्रा. क्सिनोमाव्रोत कुणी पाणी घातलं तर हे नवे भक्त त्याला पंगतीतून उठवतील. पण प्राचीन ग्रीक वाइनमध्ये पाणी घालूनच पीत, त्यासाठी 'क्रातेर' नावाचं मोठं भांडंच असे. बिनपाण्याची पिणं हे त्यांच्या लेखी रानटीपणाचं लक्षण. आजही ग्रीक वाइनला 'क्रासी' म्हणतात, आणि तो शब्द मिसळण्यावरूनच आला आहे. म्हणजे आमचे बापूकाका लग्नाच्या पार्टीत रेड वाइनमध्ये बर्फ, वर तांब्याभर पाणी घालायचे आणि आम्ही मान खाली घालायचो, तेव्हा मंडपात अस्सल ग्रीक एकटे तेच होते. परवा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, 'ते असू दे. सोडा चालतो का त्यांच्यात?'