पोराची नजर तयार करा: नवशिक्या पालकांसाठी सोपी कृती

साहित्य: पहिलीतलं एक मूल ('घ' आणि 'ध'मध्ये गोंधळणारं असल्यास उत्तम), हवालदिल पालक दोन, 'दृश्य-आकलन विकास' असं छापलेला रंगीत वह्यांचा संच एक, खोडरबर तीन, धीर चवीपुरता.

पायरी 1. आधी घाबरा. शेजारचं पोर भवानीनगरच्या कारखान्याची पाटी, 'श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना', एका दमात वाचतं. तुमचं 'श्री'लाच अडतं. अशा वेळी अक्षरं शिकवायची राहून गेली असतील, असला साधा विचार मनात आणू नका. पोराचं दृश्य-आकलनच कच्चं आहे, असं ठरवून मोकळे व्हा.

पायरी 2. बारामतीला जाऊन वह्या आणा. दोन चित्रांतले फरक शोधा, सशाला गाजरापर्यंत पोचवा, एकमेकांत अडकलेले त्रिकोण-चौकोन रंगवा. दुकानदार 'नवीन पद्धत' म्हणेल, तेव्हा मान डोलवा. व्हिएन्नात जन्मलेल्या मारियान फ्रॉस्टिगबाईंनी असा अभ्यासक्रम अमेरिकेत 1964 सालीच छापला होता, हे त्याला सांगून हिरमोड करू नका. कल्पना तेव्हाही हीच होती: आधी नजर घडवा, वाचन मागोमाग येईल.

पायरी 3. रोज तासभर वह्या सोडवून घ्या. महिन्याभरात पोर फरक शोधण्यात पटाईत होईल. इथे पेढे वाटावेत. वाचनाचं पुस्तक मात्र उघडू नये. 'घर'चं पुन्हा 'धर' झालं, तर पेढे वाया जातात.

पायरी 4. संशोधनाच्या वाटेला जाऊ नका. हॅमिल, गुडमन आणि वीडरहोल्ट यांनी 1974 साली असल्या प्रशिक्षणाचा हिशोब तपासला, तर वाचनाच्या खात्यावर जमा काही दिसेना. कॅव्हेल आणि मॅटसन यांनी 1983 साली 180 अभ्यास एकत्र मांडले. सरासरी परिणाम निघाला 0.08. या मोजपट्टीवर 0.2लाही लहानच म्हणतात, म्हणजे हा आकडा शून्याचा बांधकरी. 2009 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि नेत्रतज्ज्ञांनी मिळून सांगितलं, की वाचनाची अडचण बहुधा भाषेतल्या ध्वनींशी निगडित असते. डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगं यांनी ती सुटते याला भक्कम पुरावा नाही. एवढं वाचल्यावर वह्यांचे पैसे डोळ्यांत खुपतात.

पायरी 5. पोराला बांधावर अजिबात नेऊ नका. नेलंत तर ते लांबूनच उसाची जात सांगेल, "हा 86032, आणि तो पलीकडचा 265." बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण भरलं, की हजार पांढऱ्या टोप्यांतून आजोबांची टोपी अचूक हुडकेल. फ्रॉस्टिगबाईंच्या यादीत याला 'पार्श्वभूमीतून आकृती वेगळी काढणं' म्हणतात. मग नको तो प्रश्न पडतो: नजर एवढी तयार, तर 'घ'पाशी घोडं का अडतं? उत्तर सोपं, म्हणूनच अडचणीचं. 265कडे बोट दाखवून त्याचं नाव घरातल्यांनी शंभरदा सांगितलं. 'घ'च्या वाट्याला तेवढी बोटं आलीच नाहीत.

पायरी 6. अगदीच नाइलाज झाला तर पुढील जुनाट उपाय करावा. आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतच नसेल तर चष्मा लागेल; शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. मग पाटीवर 'घ' आणि 'ध' शेजारी शेजारी काढा. 'घ'ची शिरोरेघ अखंड, 'ध'च्या डोक्यावर ती तुटलेली. बोट ठेवा, मोठ्यानं म्हणा: घ घराचा, ध धरणाचा. उद्या पुन्हा म्हणा. परवाही. रात्री झोपताना ओळीखालून बोट फिरवत एक गोष्ट वाचा. यात रंगीत काहीच नाही, त्यामुळे पाहुण्यांना दाखवता येत नाही.

खबरदारी: उरलेल्या वह्या फेकू नका. कोड्यांत पोर रमतं, पेन्सिल हातात बसते, तुम्हाला निवांत चहा मिळतो. एवढ्यावर समाधान मानावं. वाचनाची वसुली त्यांच्याकडून करू नये.

शेवटची सूचना: गाळप कितीही झालं, तरी हंगामाअखेर कारखान्यावर माणसं एकच विचारतात, "उतारा किती?" वह्यांचं गाळप पुरेसं झालं असेल, तर मराठीचं पुस्तक उघडा, पोराला जवळ घ्या आणि म्हणा, "बाळा, हा उतारा वाच बरं."