शिफ्टिंगवाले मामा

बजाजनगरात मामा मशीन हलवणारे म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात अर्धा दिवस ते मशीनला हात लावू देत नाहीत. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग करणारी लहान वर्कशॉपं आली, आणि भाड्याच्या शेडी बदलणं या वर्कशॉपवाल्यांच्या पाचवीला पुजलं. म्हणून मामांना कामाला तोटा नाही. फक्त आषाढीला ते घरी असतात. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरच्या गर्दीतून पॉवर प्रेस न्यायला साक्षात विठ्ठलानं सांगितलं तरी ते तयार होणार नाहीत.

मामा आधी माणसं हलवतात. मशीन निघणार म्हटलं की शेजारच्या शेडीतले चार तज्ज्ञ न बोलावता जमतात. पैकी जो "एवढ्याला काय हायड्रा, लावा पहार!" म्हणतो, त्याला मामा नम्रपणे फाटकावर ट्रॅफिक अडवायला पाठवतात. दुसऱ्याला वरच्या विजेच्या तारांवर नजर ठेवायला लावतात. मालकाला चहा सांगायला. हायड्राच्या, म्हणजे क्रेनच्या, ड्रायव्हरचा मोबाईल स्वतःच्या खिशात. तो वाजलाच तर मामा उचलून सांगतात, "वहिनी, साहेबांनी तीन टन धरलेत, नंतर बोला."

मग मशीनची तपासणी. लेथ हेडस्टॉककडं जड, म्हणून सॅडल आणि टेलस्टॉक मागं सरकवून घट्ट आवळायचे. प्रेस डोक्यात जड, तिची स्लाईड पार खाली आणायची. एखाद्या पोरानं आखूड स्लिंग आणली की मामांचं प्रवचन सुरू. दोन्ही हात वर उभे धरून ते म्हणतात, "एक टनाचं मशीन. दोऱ्या उभ्या, एकेकीवर अर्धा टन." मग हात फाकवतात. "जमिनीशी 30 अंश केलेस, एकेकीवर पुरता टन! दोरी तीच, वजन तेच. तुझी अक्कल तेवढी कमी झाली." पोरगा लांब स्लिंग आणायला पळतो.

हायड्रा तासावर असते. मालक घड्याळ बघतो, मामा मशीनचं बूड बघतात. बोटभर उचलायचं, खाली लाकडी ठोकळा सारायचा, पुन्हा बोटभर. शेडीच्या आत पाईपांवरून सरकवताना मागचा पाईप बाजूनं काढून पुढं द्यायचा; पायानं ढकलला तर मामा त्या पायाच्या मालकाचं पूर्ण खानदान काढतात. आवाज एकट्या मामांचा. "थांबा" मात्र कोणीही म्हणावं, अगदी चहावाल्यानंही. एकदा तो "थांबा, साखर राहिली" म्हणाला आणि तीन टन अधांतरी थांबले.

संध्याकाळी मशीन बसतं, लेव्हल लागते, फाउंडेशन बोल्ट आवळले जातात, हायड्रा निघून जाते. तेव्हा मालकाला कंठ फुटतो.

"मामा, जरा दोन इंच भिंतीकडं हवं होतं."

"मालक, सकाळी खडूनं जागा आखली, तिथं फरशीवर तुमची सही घेतली होती."

"कुठंय सही?"

"मशीनखाली. बघायची असेल तर सांगा, हायड्रा परत बोलावतो."