जॅक हंगामी, स्टँड कायम

आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकखाली रविवारी सकाळी एखादं लिंबू घरंगळताना दिसलं, की समजावं, काका गाडी उचलणार.

पहिल्यांदा ते लिंबू दिसलं तेव्हा तळमजल्यावरच्या पंजाबी आंटी मिठाई मागायला धावत आल्या होत्या. टायरपाशी लिंबू म्हणजे नवी गाडी, हा दिल्लीचा हिशेब. काकांचा हिशेब वेगळा. "लिंबू आपण होऊन गडगडलं म्हणजे जागेला उतार आहे. उतारावर गाडी उचलत नसतात." लिंबू मलाई मंदिराच्या टेकडीकडे पाठ करून खुशाल निघालं, आणि आम्ही चौघांनी ती जुनी सेडान ढकलत सपाटीवर नेली.

काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि गाडीच्याही. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, तेव्हापासून काका तिच्याकडे बॅचमेटसारखं बघतात. "दोघं एकदमच सुटणार रे. फक्त तिला पेन्शन नाही."

गाडी मात्र फारच खुजी. स्पीडब्रेकर आला की चेंबर घासू नये म्हणून काकू निमूटपणे उतरतात, चालत पलीकडे जातात आणि पुन्हा बसतात. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माणूस कशालाही सरावतो.

तर एवढ्या बुटक्या गाडीखाली जॅक जाणार कसा? साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी चौदा सेंटिमीटरच्या आसपास उंच राहतो. तो बंपरलाच अडतो. यावर उपाय असा, की पुढची चाकं आधी फळ्यांवर चढवायची. काकांनी प्रथम घरातले जेवणाचे पाट तपासले. काकूंचा जीव टांगणीला. पण पाटाच्या पोटाखाली दोन पट्ट्या आणि मधे पोकळी, त्यामुळे वजनाला तो मधोमध तडकणार, असा शेरा मारून काकांनी पाट अपात्र ठरवले. निवड झाली ती बदलीच्या सामानासोबत आलेल्या खोक्याच्या दोन इंची, सलग फळ्यांची. काकूंनी तरीही पाट कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मग काका झाडू घेतात. साहेब रस्ता झाडताहेत हे बघून चौकीदार ओशाळतो, पण त्यामागे शास्त्र आहे. पुढची बाजू वर जाते ती सरळ नव्हे, मागच्या चाकांभोवती कमानीत. तेव्हा जॅकला आपल्या छोट्या चाकांवर थोडं सरकता आलं पाहिजे. एखादा खडा अडकला तर जॅक तिथेच आणि गाडी भलतीकडे.

हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना पुढूनमागून लाकडी पाचरी लावायच्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून सल्ला येतोच: "भाईसाहब, दो ईंटें लगा लो, काम ख़तम!" आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या क्वार्टरची दुरुस्ती चालू असते, विटांना तोटा नाही. काका उत्तर देत नाहीत. एक वीट घेतात, तिच्या कोपऱ्यावर हातोडी घालतात. वीट खळ्ळकन फुटते. वरची खिडकी बंद होते. भिंतीत सगळीकडून सारखा दाब असतो म्हणून वीट टिकते. गाडीचं वजन एकाच टोकावर आलं की न सांगता दुभंगते.

यानंतर काकांचं आवडतं वाक्य. ते मी किमान वीस वेळा ऐकलंय. "जॅक हा हंगामी कर्मचारी. त्याचं काम फक्त उचलायचं. आतला रबरी सील कधी दगा देईल, तेल कधी उतरेल, भरवसा नाही. स्टँड म्हणजे कायम नोकरी. गाडी कायमच्या खांद्यावर सोपवल्याशिवाय मी खाली जाणार नाही." मग पुढच्या चाकांच्या मागे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला कंपनीने ठेवलेल्या खाचा शोधून दोन्ही स्टँड तिथे लावायचे. मे महिन्यात डांबर मऊ पडतं, स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून खाली प्लायचे तुकडे. गाडी वर गेली, स्टँड लागले, की जॅक हळूहळू सोडायचा, म्हणजे भार स्टँडवर येतो.

आणि तरीही काका खाली जात नाहीत! आधी गाडीला कंबरेने धक्का. एकदा, दोनदा. मग मला म्हणतात, "तूही मार." मंत्रालयात कुठलीच फाइल एकाच सहीने पुढे जात नाही. शेवटी स्टेपनी काढून आडवी गाडीखाली सरकवायची. सगळंच कोसळलं तरी माणसापुरती जागा उरावी म्हणून.

इतकं होईपर्यंत साडेअकरा वाजतात. चेंबरचा नट सोडून जुनं ऑइल तसराळ्यात उतरवायला पंधरा मिनिटं पुरतात. त्याला काय सांगण्यासारखं?

संध्याकाळी काका पिशवी घेऊन मार्केटकडे पायी निघालेले दिसले. गाडी तर खाली उतरलेली, धुतलेली, पोटाखाली हिंदी पेपर अंथरलेला.

"काका, गाडी झाली ना?"

"झाली. पण नट गळतोय का ते पेपरवर सकाळी कळेल. तोवर अंडर ऑब्झर्वेशन." आणि चार पावलं गेल्यावर वळून, "काकूने लिंबं मागवलीत. सकाळचं टायरखाली गेलं."