धंदा आपलाच

अ‍ॅपवर हजार माणसं एकदम तुटून पडली तर सर्व्हर तग धरेल का, हे आधीच पाहून ठेवणं हे आम्हा टेस्टर लोकांचं काम. आता हजार माणसं आणायची कुठून? सकाळी भाईंदर स्टेशनात शिरणाऱ्या विरार लोकलच्या दारात ती आयती सापडतात, पण तिथे बटण दाबायला बोट मोकळं कुणाचं असतं? म्हणून अ‍ॅप आणि सर्व्हर यांचं एकदाच झालेलं बोलणं जेमीटर नावाच्या टेस्टिंगच्या टूलमध्ये रेकॉर्ड करायचं आणि तेच हजार जणांच्या नावानं वाजवायचं.

त्यासाठी फोनच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला माणूस, म्हणून जेमीटर चालणाऱ्या लॅपटॉपचा पत्ता टाकायचा, पोर्ट ८८८८. पण बोलणं सगळं कुलूपबंद! ते उघडायला जेमीटर स्वतःचं सर्टिफिकेट तयार करतं आणि अ‍ॅपला सांगतं, मीच तुझा सर्व्हर. सर्व्हरला सांगतं, मीच तुझं अ‍ॅप. आमच्या इमारतीत एक इस्टेट एजंट काका आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे धंदा आपलाच की रे! ब्रोकरेज किती घेतोस?"

ब्रोकरेज कसलं? त्या सर्टिफिकेटची मुदत मुळात सात दिवस. त्यातून २०१६ साली अँड्रॉइड ७ आलं आणि फोनच्या मालकाचीच पत गेली. त्यानं हातानं टाकलेलं सर्टिफिकेट ब्राउझर मानतो, पुढची अ‍ॅप्स ढुंकून बघत नाहीत. आयफोनवर ते टाकूनही भागत नाही. जनरल, मग अबाउट, असं तळाशी जाऊन विश्वासाचं बटण वेगळं दाबावं लागतं. काही अ‍ॅप्स तर खऱ्या सर्व्हरच्या किल्लीची खूण पोटातच बाळगून असतात. मग डेव्हलपरला गाठायचं, "बाबा रे, टेस्टिंगच्या बिल्डमध्ये तेवढी सूट दे."

सूट मिळाली की खरी मौज. मी 'लॉगिन' एकदाच दाबतो आणि पडद्यावर ओळींची रांग लागते. त्यातली कामाची एखादी. बाकीच्या बोट कुठे लागलं, किती वेळ रेंगाळलं, याच्या चहाड्या, त्याही भलत्याच सर्व्हरकडे. हे सगळं जसंच्या तसं वाजवावं, तर सर्व्हर ४०१ म्हणून दार लावतो, कारण लॉगिनच्या वेळी मिळालेलं ओळखीचं टोकन शिळं झालेलं. ते दर वेळी ताजं उचलायला लावण्यात माझी दुपार जाते.

अ‍ॅपच्या या संशयी स्वभावाला आम्ही शिव्या घालतो, पण तो रास्तच आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनवर 'नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असू शकतं' अशी सूचना दिसली, आणि तुम्ही टेस्टर नसाल, फोनही ऑफिसनं दिलेला नसेल, तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन ते परकं सर्टिफिकेट आधी काढून टाका.